ताई मागे बसलेली असताना

प्रिय भोंग्या,

पाकीट बघून दचकला असशील. दर रविवारी फोनवर तासन् तास बोलणारी ताई एकदम कागद घेऊन का बसली, असं वाटून तू आधी बायकोला हाक मारली असशील आणि मग चष्मा शोधला असशील. घाबरू नकोस, आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या भावजींचा गुडघा कुरकुरतो आहे, पण भावजी त्याच्याही आधीपासून कुरकुरत आलेत, तेव्हा त्यात नवीन काही नाही. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. मी जरा गंभीर आवाज काढला की तू म्हणतोस, बरं बरं, जेवलीस का, आणि विषय तिथेच संपतो. कागदाला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच, अर्ध्यावर फोन लावू नकोस, आणि पहिल्यांदा एकट्याने वाच. आईला वाचून दाखवायचं की नाही ते नंतर तूच ठरव.

बसबद्दल आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आपल्या घरात गेलं वर्षभर दुसरा विषय आहे कुठे? हायड्रोजनवर चालणारी शहरातली पहिली बस, तिच्या पोटात ताईचा पापुद्रा, आणि स्टिअरिंगवर तू. तेही वर्षअखेरीस निवृत्त व्हायच्या आत. आईने दाराजवळची पहिली सीट आत्ताच स्वतःच्या नावावर करून ठेवली आहे. तुझी लेक म्हणते की आत्याची गाडी आणि बाबांचा हात, म्हणजे ही बस घरचीच झाली. मागच्या रविवारी तू विचारलंस की गाडी नक्की कधी येणार, डेपोतले लोक रोज कान खातात. मी म्हटलं, बघू. तू लगेच म्हणालास, ताई ‘बघू’ म्हणाली म्हणजे काहीतरी शिजतंय. शिजतंय खरं. पण ते सांगायच्या आधी मला थोडं मागे जाऊ दे, कारण नुसतं शेवटचं वाक्य लिहिलं तर ते तुला फार रुक्ष वाटेल, आणि मलाही ते तसं लिहवणार नाही.

आज सकाळी गॅलरीत चादरी वाळत घालत होते आणि डेपोमागचं आपलं घर आठवलं. पहाटे गाड्या सुरू व्हायच्या, एकेक करून म्हाताऱ्यासारख्या खाकरायच्या, आणि आपल्या दोरीवरच्या कपड्यांवर काजळी येऊन बसायची. आई पांढरे कपडे दोनदा धुवायची आणि तरी ते करडेच राहायचे. बाबा त्याच डेपोत मेकॅनिक, त्यामुळे बिचारीला भांडायलाही सोय नव्हती. ज्याच्याशी भांडायचं तोच संध्याकाळी काळे हात घेऊन जेवायला यायचा. तुला काजळीचं काहीच वाटत नव्हतं. तू गाड्यांवर लट्टू होतास. हातात ताट धरून ते स्टिअरिंगसारखं फिरवत घरभर धावायचास आणि तोंडाने भोंगा वाजवायचास, दोनदा आखूड आणि एकदा लांब, इतका मोठ्याने की खालच्या आजी काठीने छत ठोकायच्या. मी मात्र शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावरचे ठिपके बघून रडकुंडीला यायचे. तू गाडीच्या पुढे जाऊन बसलास आणि मी तिच्या धुराच्या मागे लागले, असं आई म्हणते ते काही खोटं नाही.

त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, ती पुढे लागणार आहे. मी खोलीत आले की तू शहाणा व्हायचास. एरवी घर डोक्यावर घेणारा तू, मी दारात दिसले की पाठ ताठ करून पुस्तक उघडायचास, तेही कधी कधी उलटं. जेवताना मी शेजारी बसले तर ताटात एक शीत उरायचं नाही. आईने याचा पुरेपूर फायदा घेतला. तू ऐकेनासा झालास की ती फक्त मला शेजारी बसवायची. मी तुला कधी मारलं नाही, फारसं रागावलेही नाही. तरी तुझ्यात हे कुठून आलं, कुणास ठाऊक. बाबा गेल्यानंतर तर ते जास्तच झालं. मी घरातली मोठी झाले आणि तू माझ्यापुढे सदैव परीक्षेला बसल्यासारखा. मला ते आवडायचं, हे कबूल करते. आपल्याला बघून कुणी सरळ होत असेल तर कुणाला नाही आवडणार?

आता पापुद्र्याचं. मी इतक्या जणांना इतक्या ठिकाणी हे समजावत असते, पण तुला नीट सांगायचं राहूनच गेलं, कारण दुसऱ्या वाक्याला तू विनोद करतोस. आज करता येणार नाही, म्हणून ऐक. पापुद्र्याच्या एका अंगाला हायड्रोजन असतो, दुसऱ्या अंगाला साधी हवा. हायड्रोजनचे दोन तुकडे होतात. एक तुकडा पापुद्र्यातून सरळ पार जातो. दुसऱ्याला ती वाट बंद असते, म्हणून तो तारेतून वळसा घालून येतो, आणि त्या वळशातच गाडी चालवणारी वीज मिळते. पलीकडे दोघं पुन्हा भेटतात, हवेतला ऑक्सिजन घेतात, आणि त्याचं पाणी होतं. गाडीच्या मागून बाहेर पडतं ते एवढंच. सगळी गंमत त्या मधल्या पापुद्र्याची आहे. तो ओला असेल तरच वाट देतो. ओला झाला की फुगतो, सुकला की आकसतो. गाडी जोर मागते तेव्हा आत पाणी वाढतं, गाडी बंद केली की हळूहळू सुकायला लागतं. आणि बिचारा चारी कडांनी चौकटीत आवळलेला, अंग हलवायला जागा नाही. रोज भिजून रोज वाळणाऱ्या चपलेचं काय होतं ते तुला माहीत आहे. एक दिवस कडेला बारीकसं भोक पडतं, सुईच्या टोकाहूनही बारीक, आणि दोन्हीकडचे वायू एकमेकांना नको तिथे भेटतात. स्फोटबिट काही होत नाही, सेन्सर आधीच सगळं बंद करतात. पण गाडी असेल तिथे, भर रस्त्यात, उभी राहते.

तू प्रयोगशाळेत आला होतास तो दिवस आठवतो का? डोक्याला टोपी, अंगात पांढरा कोट, आणि चेहरा असा की आता तुझंच ऑपरेशन आहे. आम्ही काचेवर तो मधासारखा दाट द्राव ओतला, पात्याने एका दमात ओढून पसरवला, वर झाकण ठेवलं, आणि तू विचारलंस की झालं? मी म्हटलं, आता सावकाश सुकू द्यायचं, घाई केली की सुरकुत्या पडतात. मग आदल्या दिवशीची सुकलेली काच पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवली. पापुद्रा कडेने सुटत सुटत आपोआप वर तरंगला, आणि तू चक्क श्वास रोखून उभा राहिलास. नंतर म्हणालास, एवढ्याशा पापुद्र्यावर ताईने केस पांढरे केले! सगळी पोरं हसली. तेव्हापासून आमच्याकडे त्याला पटल, पडदा असं कुणी म्हणत नाही, पापुद्राच म्हणतात. बाजारात टिकाऊ पापुद्रे मिळतात, नाही असं नाही, पण त्यांत फ्लोरिन असतं, आणि ते एकदा मातीत-पाण्यात गेलं की जाता जात नाही. धूर घालवायचा आणि त्या जागी दुसरी घाण ठेवायची, हे मला पटेना. फ्लोरिन नसलेला पापुद्रा टिकत नाही असं सगळे म्हणत होते. तो टिकवून दाखवायचा, एवढ्याच हट्टापायी ही सगळी वर्षं गेली.

टिकतो की नाही हे कसं ठरवायचं, त्याची ठरलेली रीत आहे. बस क्षणाक्षणाला किती जोर मागते याची एक नोंद असते. तिला आम्ही फेरी म्हणतो. ती फेरी संगणक चाचणीच्या टेबलावर पुन्हा पुन्हा चालवतो. पापुद्र्याला वाटतं आपण रस्त्यावरच आहोत. पुस्तकात अशा तयार फेऱ्या मिळतात. पण मला त्या नको होत्या. मी म्हटलं, आमची बस ज्या रस्त्यावर धावणार त्याच रस्त्याची, खऱ्या गर्दीची, खऱ्या ड्रायव्हरची फेरी हवी. आणि खरा ड्रायव्हर माझ्या घरातच होता! तुझ्या गाडीत नोंद करणारी डबी बसवली. ती सोडून जायचा धीर मला होईना. कुणी हात लावला, वायर निघाली तर काय घ्या? म्हणून आठवडाभर मी स्वतः तुझ्या मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. काय सुरेख चालवलीस गाडी! ब्रेक असा लावायचास की उभ्या माणसाने दांडीला धरायची गरज नाही. कुणी आडवा आला तर थांबून त्याला जाऊ द्यायचास. मागे कुणीतरी अंड्यांची टोपली घेऊन बसलंय असं वाटावं. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी तो प्रत्येक सभेत मिरवला. आमची चाचणी खऱ्या रस्त्यावरची, खऱ्या ड्रायव्हरची, असं मी छाती पुढे काढून सांगायचे. आमच्याकडे एक मुलगी आहे, ती सगळ्याच गोष्टींवर शंका काढते म्हणून तिचं नावच शंका पडलंय. तिने एकदा आलेखावर बोट ठेवून विचारलं, मॅडम, हे ड्रायव्हर कधी करकचून ब्रेक मारतच नाहीत का? मी म्हटलं, माझा भाऊ आहे तो. जणू ते उत्तर होतं!

त्या फेरीवर आमचा पापुद्रा चालला, चालला, चालतच राहिला. टेबलावरचं पाणी, पंप, नळ्या बदलाव्या लागल्या, पण पापुद्र्याला काही होईना. त्या निकालावर बस मंजूर झाली. तुला फोन केला तेव्हा तू इतक्या मोठ्याने ओरडलास की भावजींनी शेजारच्या खोलीतून विचारलं, कोण गेलं?

आता खरी गोष्ट. मागच्या महिन्यात मी डोळे तपासायला गेले होते. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, सगळं धुरकट दिसायला लागलं, आणि काळा चष्मा लावून घरी जा, स्कूटर चालवू नका, असं बजावलं. मी बसस्टॉपवर उभी राहिले. बस आली, गर्दी होती, मागच्या दाराने चढले. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. आरशात मीच मला ओळखलं नसतं. गाडी सुटली आणि मी थेट पुढच्या बाईच्या अंगावर गेले. पुढच्याच क्षणी ब्रेक, आणि ती बाई माझ्या अंगावर. दिसत धड काहीच नव्हतं, पण मग भोंगा वाजला. दोनदा आखूड, एकदा लांब. भोंग्या, तो तू होतास.

मी मागेच थांबले. दोन्ही हातांनी दांडी धरून ठेवली आणि अंगाने तुझी गाडी ऐकत राहिले. काय रे तो तुझा धिंगाणा! मोटारीला घासून पुढे काय काढतोस, हिरवा दिवा दिसला की काय उडी मारतोस, खिडकीतून एका मोटारवाल्याला असं काही सुनावलंस की मला कान झाकावेसे वाटले. शेजारचे आजोबा मला म्हणाले, घट्ट धरा, हा पाडतो पण वेळेवर पोचवतो. तुझा जोडीदार कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला आणि काळ्या चष्म्यातूनही त्याने मला ओळखलं. त्याचा चेहरा असा पडला की जणू हेडमास्तरच वर्गात आले. मी ओठांवर बोट ठेवलं. मला इतकं हसू येत होतं की रुमालाने तोंड दाबावं लागलं. वाटलं, रविवारी फोनवर याची अशी काही फिरकी घेते की जन्मभर लक्षात राहील.

मग सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं. मला वाटलं, बिघडली. पण बाकी सगळे सवयीचे असल्यासारखे उभे होते. मी तुझ्या जोडीदाराला हळूच विचारलं. त्याने खिडकीतून वर बोट दाखवलं. मला नुसतं पांढरं पांढरं काहीतरी हलताना दिसलं. गॅलऱ्यांमधले कपडे होते. त्याने सांगितलं की या सिग्नलला तू रोज, प्रत्येक फेरीला गाडी बंद करतोस. पुढे इस्पितळापाशी करतोस, शाळेच्या भिंतीपाशी करतोस, जिथे जिथे वर दोऱ्या आहेत तिथे करतोस. डेपोत त्यावरून तुला चिडवतातही. हे तू मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस. मला वाटत होतं, तुला काजळीचं काहीच वाटत नाही. मी त्याला विचारलं, मग मी बसले होते तेव्हा एकदाही का बंद केली नाही? तो अवघडला आणि मग त्याने सांगितलं. तू त्या आठवड्यात सगळ्यांना ताकीद दिली होतीस म्हणे. ताईचं यंत्र लागलंय, कुणी चाळे करायचे नाहीत. गाडी बंद पडली तर तिची नोंद तुटेल. ताईची परीक्षा आहे, माझ्यामुळे नापास व्हायला नको.

मी काळ्या चष्म्याच्या आड रडले. तुझ्या जोडीदाराला वाटलं, थेंबांमुळे डोळ्यांतून पाणी येतंय. बरं झालं.

रडून झाल्यावर मात्र मी घाबरले. कारण गाडी चालू करणं आणि बंद करणं, एकदम जोर मागणं आणि एकदम सोडून देणं, यासारखं वाईट पापुद्र्याला दुसरं काही नसतं. गाडीतली बॅटरी यातले थोडे धक्के सोसते, पण सगळे नाही. आणि आमच्या टेबलावर इतके दिवस जी फेरी चालू होती तिच्यात हे काहीच नव्हतं. तो रस्ता खरा होता, गर्दी खरी होती, पण ड्रायव्हर तो नव्हताच. तो माझ्यासमोर पाठ ताठ करून बसलेला, पुस्तक उलटं धरलेला माझा धाकटा भाऊ होता. आम्ही पापुद्र्याची परीक्षा घेत होतो आणि तू आपली देत होतास! असा घोळ घालायला दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेला जमलं नसतं. त्याला आपल्यासारखी भावंडंच लागतात.

दुसऱ्या दिवशी मी आणि शंकाने मिळून, मला अंगाने आठवत होती तशी, एक अंदाजाची फेरी लिहिली. धक्के, ब्रेक, गॅलऱ्यांखालचं बंद करणं, सगळं. पापुद्रा लावला. मनात म्हणत होते, टिकेल रे, आमचा आहे तो, टिकेल. तुझ्या शहाण्या फेरीवर जो थकत नव्हता तो त्याच्या पाव वेळही टिकला नाही. उघडून उजेडात धरला तर कडेला भोक, चौकटीला लागून, जिथे पडायचं तिथेच. नवा पापुद्रा घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच.  शंकाला मागे मी दिलेलं उत्तर ती विसरली नसणार, पण तिने ते उकरून काढलं नाही, उलट मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

आता तुला सगळं माहीत आहे, आणि जे सांगायला मी एवढी पानं घालवली ते तू ताडलंच असशील. तरी माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लपवत नाही. बसचा सांगाडा तयार आहे. आम्ही ठरल्याप्रमाणे पापुद्रे दिले असते तर वर्ष संपायच्या आत ती रस्त्यावर आली असती. पहिले काही महिने काहीही झालं नसतं. तू ती चालवली असतीस, आई पहिल्या सीटवर बसली असती, गाडीमागून नुसतं पाणी पडताना बघून तिने काय म्हटलं असतं ते ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. भोक पडायचं तेव्हा पडलं असतं. तू तोपर्यंत घरी पाय पसरून पेपर वाचत असतास, आणि कुणालाच कळलं नसतं की आम्हाला हे आधी ठाऊक होतं. मी हे सगळं मनात घोळवलं. खूप घोळवलं. पण मग दिसायची ती भर चौकात उभी राहिलेली गाडी, तुझ्यानंतर स्टिअरिंगवर बसलेला कुणीतरी, मागे खोळंबलेले लोक, आणि ते म्हणणार की बघा, हे असलं काही चालत नाही, आपला धूरच बरा. एकदा असं झालं की पुढे कितीतरी वर्षं कुणी या वाटेला जाणार नाही, आणि वरच्या दोऱ्यांवर काजळी बसतच राहील. कडा कशा बळकट करायच्या, आत बारीक जाळी कशी घालायची, याचा थोडा अंदाज आम्हाला आला आहे. होईल ते. पण वर्ष तरी जाईल, जास्तच.

म्हणून काल मी बैठकीत उठून सांगितलं की आमची चाचणी चुकली आहे, पापुद्रा तयार नाही, बस थांबवा. ती थांबली. भोंग्या, ती गाडी तुझ्या हातात पडणार नाही. हे तुला डेपोत कुणाकडून कळू नये, माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. आणि मला याचं किती वाईट वाटतंय ते फोनवर माझ्याच्याने सांगवलं नसतं. पण एक मागणंही आहे. पुढच्या आठवड्यात ती डबी पुन्हा तुझ्या गाडीत बसेल. शंका ती लावून निघून जाईल आणि मी फिरकणारसुद्धा नाही. तू निवृत्त होईपर्यंत ती तिथेच राहील. तुला पाहिजे तशी चालव. दाब ब्रेक, घाल शिव्या, मार उड्या, आणि गॅलऱ्या आल्या की रोजच्यासारखी गाडी बंद कर, एकदाही चुकवू नकोस. तीच फेरी आता आमच्या टेबलावर चालेल, आणि इथून पुढे आमच्याकडे जो पापुद्रा होईल, माझ्या हातचा किंवा माझ्यानंतर शंकाच्या हातचा, तो तुझ्या हाताखालून पार झाल्याशिवाय कुठल्याही बसमध्ये जाणार नाही. गाडी तुला चालवायला मिळाली नाही, पण ती रस्त्यावर येईल तेव्हा तिने तुला आधी सोसलेलं असेल. आईला एवढंच सांग की तिची सीट राखून ठेवलेली आहे, फक्त थोडा धीर धरायचा. तेव्हा तिच्या शेजारी तू बसशील आणि मागे मी. आणि माझ्या परीक्षेची काळजी आता सोड रे. मी मागे बसलेली नाहीये. खुशाल चालव.

तुझीच,
मागच्या दाराने चढलेली
ताई